चौथा तांब्या

१

शनिवारी सकाळची शाळा असायची. ती सुटली की सिद्धाराम मास्तर घरी येई, टोपी खुंटीला अडकवी, दारातल्या दगडावर उभा राहून पाय धुई आणि जेवून ओसरीवर जो आडवा होई तो दिवेलागणीलाच उठे. सोलापुरातला मार्शल लॉ उठून तीन-चार वर्षं झाली होती, गाव पुन्हा आपल्या कामाला लागलं होतं आणि मास्तरच्या शनिवारच्या झोपेआड येईल असं काही उरलं नव्हतं. त्या चैत्रातल्या शनिवारी मात्र त्याची पाठ टेकतेय न टेकतेय तोच बोळातून करकर, करकर असा आवाज आला, आणि चुलीपुढं बसलेली हेमावती गालातल्या गालात हसली.

"जावई आले," अव्वा, तिची आई, म्हणाली. "पाणी घे गं."

रेवणप्पा हा सिद्धारामचा शाळेपासूनचा दोस्त. मंगळवार पेठेत बापाचं कापडाचं दुकान होतं, तिथं तो कमी आणि गावभर जास्त असे. त्याचं लग्न सिद्धारामच्या धाकट्या बहिणीशी, हेमावतीशी झालं आणि तो दोस्ताचा दाजी झाला. चारचौघांत दोघं एकमेकांना अहो-जाहो करीत. एकटे असले की रेवणप्पा त्याला 'सिद्ध्या' म्हणे. सिद्ध्या म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. हेमावती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्यापासून तर स्वारी काही ना काही निमित्त काढून सारखी दारात हजर. त्यात नव्या वहाणा. त्या इतक्या करकरत की बोळातल्या बायका त्याला येण्याआधीच ओळखत आणि पदराआड हसत.

पायांवर पाणी घेतल्याशिवाय जावयानं उंबरा ओलांडायचा नाही, असा त्या घराचा नेम होता. हेमावतीनं एक हात पोटावर ठेवून दुसऱ्या हातानं पाणी ओतलं. दगड काळाभोर झाला, ओघळ कर्दळीच्या आळ्यात गेला आणि रेवणप्पा आत आला.

"ऊठ. रहिमतुल्लाची मोटार उद्यापर्यंत मोकळी हाय," तो म्हणाला. "सांगोल्याच्या पुढं भुंडा माळ म्हणून हाय. आमच्या दुकानात घोंगड्या घेऊन येतो ना, तो धुळा सांगत होता. चढून वर गेलं की नजर पोचेल तिथवर नुसतं पांढरं. झाड न्हाई, झुडूप न्हाई, पाखरूसुद्धा न्हाई."

"काहीच नाही, तर बघायचं काय?"

"तेच बघायचं की! पोर झाल्यावर कुठलं आलंय आपलं फिरणं?"

सिद्धाराम कुरकुरला, पण उठला. हेमावतीनं आपल्या लग्नातला तांब्याचा फिरकीचा तांब्या घासून लख्ख केला. त्यावर ठिपक्या ठिपक्यांनी तिचं नाव घातलेलं होतं. तो नवऱ्याच्या हाती देताना तिनं भावाला बाजूला ओढलं. तिचा चेहरा हसरा होता, पण बोटं गार होती.

"अण्णा, तू बरोबर आहेस म्हणून सोडते. नेतोस तसे आणून उभे कर माझ्या दारात."

"आणतो की. तुझा नवरा काय वाटेत विकून येणार आहे का मी?"

२

रहिमतुल्लाची फोर्ड भाड्यानं फिरत असे, आणि तिला धक्का मारावा लागला नाही असा दिवस त्याच्या बायकोला, सरदारबीला आठवत नव्हता. तोही शाळेतला दोस्त. तिघांनी मिळून मास्तरांचा मार खाल्ला होता, दुसऱ्याच्या बागेतले पेरू खाल्ले होते. एकमेकांच्या घरची लग्नं, मयतं, सगळं केलं होतं.

पाणी तेवढं वेगळं होतं. सिद्धारामचा पितळी तांब्या, रेवणप्पाचा हेमावतीनं दिलेला, आणि रहिमतुल्लाचा कल्हई केलेला, तोटीचा बधना. लिंगायताच्या तांब्याला रहिमतुल्ला हात लावत नसे आणि त्याच्या बधन्याला हे दोघं. कुणी कुणावर रागावून नव्हे. लहानपणापासून तसंच चालत आलं होतं, आणि त्यावर बोलायचंही नाही असा आपला एक रिवाज. दुसऱ्याचं भांडं दिसलं की नजर आपोआप पुढं सरकायची. ह्या सरावाचं पुढं काय होणार आहे हे त्यातल्या एकालाही ठाऊक असायचं कारण नव्हतं.

अंधार पडता पडता ते माळाच्या पायथ्याला पोचले. धुळाची वस्ती म्हणजे दोन खोपटं, एक विहीर आणि मेंढरं. त्याच्या बायकोनं, गोजाबाईनं, भाकरी आणि लसणाचं तिखट वाढलं.

"वर मेंढरं नेत न्हाईस का रे?" रेवणप्पानं विचारलं.

"काय हाय तितं खायाला?" धुळा म्हणाला. "तुमीच जावा की बघाया. तुमास्नी सुट्टी हाय."

गोजाबाई फसकन हसली. सकाळी तिघांनी विहिरीवर आपापली भांडी भरून घेतली, मोटार धुळाच्या हवाली केली आणि चढायला सुरुवात केली.

३

चढ संपला आणि तिघंही बोलायचे थांबले.

वर खरंच काही नव्हतं. पांढुरकी, भाजलेली, भेगाळलेली जमीन सरळ जात होती आणि जिथं संपत होती तिथं आभाळही तसंच पांढुरकं होतं, त्यामुळं ती संपते कुठं ते कळत नव्हतं. वारा अंगाला लागत होता, पण त्याला आवाज नव्हता. आवाज करायला वाऱ्यालाही काहीतरी लागतं, पान, गवत, दोरी, हे सिद्धारामला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. मास्तर माणूस; सोमवारी पोरांना हे सांगायचं असं त्यानं मनात ठरवूनही टाकलं.

आवाज होता तो एकच. करकर, करकर. रेवणप्पा पुढं चालला होता.

"दाजी, तुमच्या वहाणांनी इथली भुतंसुद्धा पळाली," सिद्धाराम म्हणाला.

"बरं झालं की. जागा मोकळी झाली," रेवणप्पा म्हणाला. त्याचं हसणं जिथल्या तिथं विरून गेलं.

उन्हं तापली तेव्हा त्यांना एक मोडका वाडगा सापडला. मेंढरं कोंडायला रचतात तशा दगडांच्या चार भिंती, छप्पर नाही, एका बाजूला दार म्हणून सोडलेली फट. जिथं मेंढरू येत नाही तिथं वाडगा कुणी आणि कशाला बांधला, हा प्रश्न सिद्धारामला पडला. पण भिंतीची हातभर सावली दिसली आणि प्रश्न मागं पडला. तिघांनी पिशव्या आणि भांडी त्या सावलीत ओळीनं ठेवली आणि हात हलवीत माळ बघायला गेले. बघण्यासारखं काही नव्हतं ते त्यांनी बराच वेळ बघितलं.

परत आले तेव्हा भिंतीशी चार भांडी होती.

सिद्धारामनं ती बघितली, आणि नजर आपोआप पुढं सरकली. एक त्याचा. एक हेमावतीचा. एक बधना. आणि शेवटी एक जुना, काळवंडलेला, पोटाशी दबलेला तांब्या. रहिमतुल्लानं पिशवीत दुसरा आणला असेल, हल्ली घेत असेल दोन, असा विचार त्याच्या मनात आला आणि गेलाही. त्या तांब्याला बाहेरून घाम सुटला होता. गार पाण्याच्या भांड्याला सुटतो तसा. एवढ्या उन्हात तो कसा टिकला, हे त्यानं स्वतःला विचारायला हवं होतं. दुसऱ्याच्या भांड्याकडं टक लावून बघायचं नसतं, म्हणून त्यानं विचारलं नाही.

४

भाकरी खाऊन झाल्यावर सिद्धाराम भिंतीला टेकला आणि त्याचा डोळा लागला. रहिमतुल्ला वाडग्याबाहेर थोड्या अंतरावर रुमाल अंथरून दुपारची नमाज पढत होता.

सिद्धाराम जागा झाला तो घटाघटा पाणी पिण्याच्या आवाजानं. रेवणप्पा उभा राहून पीत होता. मान मागं, डोळे मिटलेले, गळ्याची घाटी वरखाली होत होती. तो पितच राहिला. शेवटी भांडं खाली घेऊन त्यानं तोंड पुसलं.

"आहाहा! सिद्ध्या, एवढं गार पाणी ठेवलं होतंस आणि बोलला न्हाईस? माझा तांब्या केव्हाच संपला. जीभ टाळूला चिकटायला लागली होती."

त्याच्या हातात तो काळवंडलेला तांब्या होता.

"तो माझा नाही," सिद्धाराम म्हणाला.

"मग?"

"मला वाटलं रहिमतुल्लाचा."

रेवणप्पाचा चेहरा उतरला. रहिमतुल्लाचं पाणी प्यालो, आता अव्वाला काय सांगायचं, एवढीच भीती त्याला वाटली असणार. दोघांनी एकमेकांकडं चोरासारखं बघितलं. तेवढ्यात रहिमतुल्ला रुमाल झटकत आत आला आणि दोघांची तोंडं बघून थांबला.

"क्या हुआ रे?"

"हा तांब्या तुझा का?"

"मेरा? मेरा ये बधना हाय ना." तो गोंधळला. "मेरेकू लगा तुमच्यापैकी कुणाचा असंल. मैं तो हात बी नै लगाया. तुमचं भांडं, आपण कशाला शिवायचं?"

तिघं जेवायच्या आधीपासून त्या तांब्याशेजारी वावरले होते, आणि तिघांनी सभ्यपणानं दुसऱ्याचा समजून त्याच्याकडं पाठ केली होती.

"धुळानं आणून ठेवला असंल," रेवणप्पा म्हणाला.

"आपल्याला न दिसता? ह्या माळावर?"

सिद्धारामनं तांब्या त्याच्या हातातून घेतला. घ्यायला नको होता, पण घेतला. तो ऊन होता. चांगला चटका बसेल इतका. त्यानं तो उपडा केला, आणि आतून पांढरी धूळ पडली. भुरभुर, बराच वेळ पडत राहिली. तळाशी कोळ्याचं जुनं जाळं होतं आणि ते अखंड होतं.

"पण मी प्यालो की रे," रेवणप्पा म्हणाला. त्याच्या मिशा ओल्या होत्या. हे सिद्धारामनं डोळ्यांनी बघितलं. "आत्ता प्यालो. तू बघितलंस."

"ऊन लागलंय आपल्याला," सिद्धाराम म्हणाला. "तू आपल्याच तांब्यातलं प्यालास, आणि मग हा उचललास. झोपेत होतो मी. चल, खाली जाऊ."

त्यानं हे अगदी मास्तरच्या आवाजात सांगितलं, आणि तिघांनी ते मान हलवून मान्य केलं. दुसरं काय करणार?

"आलोच, जरा जाऊन येतो," म्हणून रेवणप्पानं करंगळी दाखवली. आपला तांब्या त्यानं खांद्याला अडकवला, तो जुनाही उचलला. "जिथला तिथं टाकून येतो हा." तो फटीतून बाहेर पडला. करकर, करकर, भिंतीच्या मागं गेली. थोडी लांब गेली. थांबली.

इथं दोघांनी सामान आवरलं. वहाणांचा आवाज परत यायची वाट बघत सिद्धाराम उभा राहिला. आवाज आला नाही. त्यानं वळून बघितलं तर रेवणप्पा फटीत उभा होता, केव्हाचा कोण जाणे.

"चला," रेवणप्पा म्हणाला.

५

उतरताना रेवणप्पा सगळ्यांच्या पुढं होता. सकाळभर तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस, आता मुकाट उतरत होता. पायांत त्याच वहाणा होत्या. त्याच दगडांवर पडत होत्या. सिद्धाराम कान देऊन ऐकत होता, आणि त्याला स्वतःच्या वहाणा ऐकू येत होत्या, रहिमतुल्लाचे बूट ऐकू येत होते, आणखी काही नाही.

चामडं उन्हानं वाळलं की वाजायचं थांबत असेल, असं त्यानं ठरवलं. नवा जोडा वाळल्यावर जास्त वाजतो, हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं तसं ठरवलं.

निम्मा उतार झाला असेल. मागं, वर, माळाच्या कडेला आवाज आला.

करकर, करकर.

घाईघाईनं कुणी चालावं तसा. मग पळावं तसा. आणि त्यापाठोपाठ, फार लांबून, कोरड पडलेल्या घशातून, "सिद्ध्या...!"

सिद्धाराम जागीच थांबला. तो वळला. वर उन्हाच्या झळा उठत होत्या, कड पाण्यासारखी हलत होती, आणि त्या हलण्यात एक माणूस उभा होता. खांद्याला काहीतरी अडकवलेलं होतं, ते उन्हात लखलखत होतं. तो दोन्ही हातांनी उपरणं हलवीत होता. जत्रेत चुकामूक झाली की रेवणप्पा हलवायचा, अगदी तसं.

सिद्धारामनं झटक्यानं पुढं बघितलं. रेवणप्पा पुढं उतरत होता. पाठ दिसत होती, मान दिसत होती, मानेवरचा लहानपणीचा व्रण दिसत होता.

"रहिमतुल्ला, वर बघ. कोण आहे?"

रहिमतुल्लानं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "झळा हायेत रे मास्तर. मोटार चालवताना रोज दिसतंय मला. कधी तलाव दिसतो, कधी माणूस."

"आवाज ऐकलास?"

"इंजिनापायी माझे कान गेलेत," तो म्हणाला. पण मग तो भराभर उतरायला लागला आणि त्यानं एकदाही मागं बघितलं नाही.

सिद्धारामनं पुन्हा वर बघितलं. आता तिथं नुसत्या झळा होत्या. मृगजळ कसं होतं ते तो दरवर्षी पाचवीच्या पोरांना फळ्यावर काढून शिकवीत असे. तो धडा त्यानं मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला आणि खाली उतरला.

पायथ्याला धुळा मेंढरांना पाणी पाजत होता. "आला व्हय? तिघं गेला, तिघं आला, बरं झालं. वर लई चकवा हुतोय म्हंत्यात." सिद्धारामला हे ऐकून एवढं बरं वाटलं की त्याला रडू येईलसं झालं. तिघं गेलो, तिघं आलो. हिशेब बरोबर होता.

मेंढरं मात्र पाणी सोडून विहिरीच्या पलीकडं गेली होती आणि एकमेकांना चिकटून उभी होती.

६

वाटेत सांगोल्याच्या बाजारात मोटार थांबवून रहिमतुल्ला आणि सिद्धाराम पोटभर पाणी प्याले. रेवणप्पा खाली उतरला नाही.

"दाजी, पाणी?"

"नको. प्यालोय मी."

मागच्या सीटवर तो ताठ बसला होता. मोटार खड्ड्यांतून आदळत होती, बाकी दोघांच्या अंगावर धूळ बसून घामानं तिचा चिखल झाला होता. त्याच्या कपाळावरची धूळ तशीच कोरडी होती.

सिद्धारामला राहवलं नाही. शाळेत कोणत्या मास्तरांनी आपल्याला कोंडून ठेवलं होतं, पेरूच्या झाडावरून कोण पडलं होतं, लग्नात रुखवतात काय हरवलं होतं, गप्पांच्या ओघात आल्यासारखं त्यानं एकेक विचारलं. रेवणप्पानं सगळं बरोबर सांगितलं. चुकला नाही की अडखळला नाही. उलट इतक्या बारकाईनं सांगितलं की ते सिद्धाराम स्वतःही विसरला होता.

"सगळं आठवतंय की तुम्हांला," सिद्धाराम हसून म्हणाला.

"हो, सिद्धाराम," रेवणप्पा म्हणाला. "सगळं."

आणि मांडीवरचा हात त्यानं जरा हलवला. हाताखाली तांब्या होता. काळवंडलेला, पोटाशी दबलेला.

"हेमाचा तांब्या कुठं आहे?"

"वर राहिला," रेवणप्पा म्हणाला.

सिद्धारामनं पुढं बघितलं आणि तो रस्त्याकडं बघत राहिला. मोटार वळवायला सांगावी असं त्याच्या ओठांवर आलं. काय सांगून? दाजी मागं बसलेत, दाजींना आणायला परत चल, असं? रहिमतुल्लानं त्याला दवाखान्यात नेलं असतं. माळाच्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसाच्या खांद्यावर उन्हात काय लखलखत होतं, ह्याचा विचार करायचा नाही असं त्यानं ठरवलं, आणि सोलापूर येईपर्यंत त्यानं दुसरा कसलाही विचार केला नाही.

७

दिवे लागले होते. मोटारीचा आवाज ऐकून हेमावती दारात आली, नवऱ्याला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आणलंस की रे अण्णा," ती म्हणाली.

"न्हेला तसा आणला," मागून अव्वा कौतुकानं म्हणाली. "पाय धू जावयाचे."

रेवणप्पा दारातल्या दगडावर उभा राहिला. वहाणा काढल्या. हेमावतीनं एक हात पोटावर ठेवला आणि घागर कलती केली. सिद्धाराम कंदील धरून शेजारी उभा होता.

पाणी पायांवर पडलं. पडण्याचा आवाज नीट झाला. हेमावती ओतत राहिली, माहेरच्या गप्पा सांगत, नवऱ्याच्या तोंडाकडं बघत. सिद्धाराम खाली बघत होता. पाय कोरडे होते. दगड कोरडा होता. कर्दळीच्या आळ्याकडं एक थेंब गेला नाही.

"अगोबाई, संपलं वाटतं पाणी," ती हसली. "केवढे तापलेत हो पाय! अण्णा, दुसरी घागर दे."

त्यानं दिली. का दिली, त्याला कळलं नाही. तीही रिकामी झाली. रेवणप्पाच्या पायांच्या नखांशी पांढरी धूळ होती, ती जागची हलली नाही.

आणि वर माळावर तो होता. त्याच्या खांद्यावर हेमावतीचा लख्ख तांब्या होता, आणि त्यात पाणी नव्हतं. त्यानं हाक मारली होती. जगात एकच माणूस मारायचा ती हाक सिद्धारामनं ऐकली होती, ओळखली होती, आणि मृगजळाचा धडा म्हणत तो खाली उतरून आला होता.

बोळाच्या तोंडाशी रहिमतुल्ला हँडल मारत होता. पळत गेलं तर गाठता आला असता. रात्रीतून पोचलो तर, उद्या ऊन चढायच्या आत पोचलो तर. सिद्धारामनं कंदील खाली ठेवला.

"या आत," हेमावती म्हणाली, आणि तिनं नवऱ्याचा हात धरला. तो उंबरा ओलांडून गेला. फरशीवर एकही ओलं पाऊल उमटलं नाही. आत जाताना त्यानं मान वळवून तिच्या पोटाकडं बघितलं, बराच वेळ, तहानलेला पाण्याकडं बघतो तसं.

बोळात इंजिन धडधडलं, सुरू झालं.

"हेमा," सिद्धाराम म्हणाला. इंजिनाच्या आवाजात ते आत पोचलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं, "हेमा, तू बाहेर ये."

"आले रे, ह्यांना आधी पाणी देते प्यायला," ती आतून म्हणाली. "रांजण बघ, तोही तळाला गेलाय. सकाळीच तर भरला होता."

मोटार बोळाच्या तोंडाशी वळली आणि तिचा आवाज लांब जाऊ लागला. सिद्धाराम कोरड्या दगडावर उभा राहिला. एक पाय बोळाकडं होता आणि एक उंबऱ्याकडं, आणि आत कुणीतरी घटाघटा पाणी पीत होतं.